जुन्या पक्षीचित्राची तसबीर : निवड, चौकट आणि भिंत

दिवाणखान्यात जुन्या पक्षीचित्राची तसबीर लावायची ठरली, की बहुतेक जण आधी चौकट पसंत करतात आणि नंतर तिच्यात बसेल असे चित्र शोधतात. मला हा क्रम उलटा वाटतो. तसबिरीत जपायचा असतो तो कागद, आणि मराठवाड्यातल्या घरात त्या कागदाला उन्हाळ्यातली 42 अंशांची कोरडी धग, पावसाळ्यातली ओल आणि बारा महिने उडणारी धूळ सोसायची असते. म्हणून चित्र कोणते, ते कोणत्या कागदावर आणि कोणत्या भिंतीवर, हे आधी ठरवावे. लाकडी पट्टीचा रंग आणि रुंदी मग सहज ठरते.

पक्षी कोणता घ्यावा

जुनी पक्षीचित्रे म्हटली की सहसा जॉन गोल्डच्या हिमालयातल्या मोनाल पक्ष्यांची किंवा ऑड्युबॉनच्या अमेरिकी पक्ष्यांची भव्य चित्रे डोळ्यांसमोर येतात. ती सुंदर आहेतच. पण पाहुण्याने विचारले तर घरातल्या लहान मुलालाही ज्याचे नाव सांगता येईल, असा पक्षी भिंतीवर असावा, असे माझे ठाम मत आहे. शेताच्या बांधावरची टिटवी, तारेवर बसलेला नीलकंठ, विहिरीच्या काठावरचा खंड्या, बाभळीला लटकलेल्या खोप्यांजवळची सुगरण, ज्वारीच्या धसकटात लपणारा तित्तिर हे सारे पक्षी एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी काढून ठेवलेले आहेत. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात येणारा चक्रवाक आणि तिथले रोहित व चित्रबलाकही जुन्या चित्रांत सापडतात. बीड जिल्ह्यातल्या नायगावच्या अभयारण्यामुळे मोराशी आपले नाते विशेष आहे. मात्र पडद्यांवर किंवा गादीच्या आच्छादनावर पैठणीचा मोर आधीच असेल, तर भिंतीवर पुन्हा मोर घेऊ नये, कारण दोन्ही मोर एकमेकांना फिके पाडतात.

नीलकंठाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात, म्हणून त्याचे चित्र अनेकांना हवे असते. परंतु तो बसलेला असताना बराचसा मातकट दिसतो आणि पंख उघडले की मगच त्याचा निळा रंग झळकतो. त्यामुळे पंख उघडे किंवा अर्धवट उघडे असलेले चित्र मिळेपर्यंत शोधत राहावे.

या शोधात आपल्या प्रदेशाचा एक धागा हाती लागतो. थॉमस जर्डन हा मद्रास सैन्यातला डॉक्टर 1830 च्या दशकाच्या उत्तरार्धात घोडदळाच्या तुकडीबरोबर जालन्याच्या छावणीत होता, आणि दख्खनच्या पक्ष्यांच्या त्याने केलेल्या नोंदींत जालन्याचे नाव वारंवार येते. पुढे 1843 ते 1847 या काळात त्याने मद्रासहून ‘इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन ऑर्निथॉलॉजी’ हा 50 चित्रांचा संग्रह काढला आणि त्यातली चित्रे भारतीय चित्रकारांकडून करून घेतली. तित्तिर, लावा, माळढोक, तणमोर असे माळरानावरचे पक्षी हवे असतील, तर ह्यूम आणि मार्शल यांचे, भारतात ज्यांची शिकार होत असे अशा पक्ष्यांवरचे, 1879 ते 1881 या काळात आलेले तीन खंड चाळावेत. खंड्याच्या निरनिराळ्या जातींसाठी शार्प यांच्या ग्रंथातली, कॉयलेमान्स या डच चित्रकाराने काढलेली 1868 ते 1871 मधली चित्रे मला सर्वांत देखणी वाटतात.

मूळ छापा की नवी प्रत

मूळ छापे पुष्कळदा शिळाछाप असतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत शिळाछाप पोथ्या असतात, त्यांचेच हे तंत्र: चित्र दगडावर तेलकट खडूने काढायचे, त्यावरून काळ्या रेषा कागदावर छापायच्या आणि मग प्रत्येक प्रत हाताने जलरंगांत रंगवायची. ताम्रपटावर कोरलेली चित्रे याहून वेगळी. त्यांच्या कडेने पत्र्याच्या दाबाची चौकोनी खूण कागदात उमटलेली असते, जी शिळाछाप चित्रात नसते.

कोणी ‘दीडशे वर्षांपूर्वीचे मूळ चित्र’ म्हणून काही विकत असेल, तर पैसे देण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पक्ष्याच्या छातीवरचा रंग पाहावा. भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके एकसारख्या फुलोऱ्यात मांडलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई आहे, मग कागद कितीही पिवळा असो. हाताने रंगवलेल्या चित्रात ठिपके दिसत नाहीत. रंगाचा सलग थर दिसतो, तो कुठे रेषेच्या किंचित बाहेर गेलेला असतो, आणि डोळ्याच्या बुबुळावर किंवा काळ्या पिसांवर डिंकाची बारीक चकाकी असते, जी कागद उजेडात तिरका धरला की कळते. ह्यूम-मार्शल यांच्या ग्रंथातल्यासारखे रंगीत शिळाछाप असेल, तर ठिपके दिसतात, पण ते वेडेवाकडे, हाताने टिंबे दिल्यासारखे असतात. चित्राखालची बारीक अक्षरेही वाचावीत: ‘डेल.’ म्हणजे रेखाटले, ‘लिथ.’ म्हणजे दगडावर उतरवले, ‘स्कल्प.’ म्हणजे पत्र्यावर कोरले आणि ‘इंप.’ म्हणजे छापले. त्यांच्या आधी त्या त्या व्यक्तीचे किंवा छापखान्याचे नाव असते.

इतके सांगूनही, घर सजवण्यासाठी मी नवी प्रतच सुचवीन. हाताने दिलेले जलरंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. शिवाय सुटी विकली जाणारी मूळ चित्रे पुष्कळदा अखंड ग्रंथ फाडून काढलेली असतात, आणि आपल्या भिंतीसाठी एखादा ग्रंथ विस्कटावा, हे मला पटत नाही. मूळ छापा घरात वारशाने आलेला असेल, तर तो फाइलमध्ये सपाट आणि अंधारात जपून ठेवावा व भिंतीवर त्याची प्रत लावावी.

प्रत मिळवणे अवघड नाही. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर जुने निसर्गविषयक ग्रंथ पानापानाने विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता येतात. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे वर उल्लेखलेल्या चित्रांबाबत अडचण येत नाही. अलीकडच्या काळातल्या चित्रकाराचे काम मात्र परवानगीशिवाय छापू नये. उतरवलेली प्रतिमा किती मोठी छापता येईल, हे तिच्या पिक्सेलवरून ठरवावे. एका इंचाला 300 पिक्सेल धरले, तर 8 इंच रुंद आणि 12 इंच उंच चित्रासाठी 2400 गुणिले 3600 पिक्सेल लागतात. त्याहून लहान प्रतिमा ताणून मोठी केली, की पिसांच्या रेषा मऊ पडतात, आणि या चित्रांचा सारा जीव त्या रेषांतच असतो.

छपाईसाठी बॅनर छापणाऱ्या दुकानात जाऊ नये आणि चकचकीत फोटोपेपरही घेऊ नये. जिथे छायाचित्रांचे गंभीरपणे काम होते अशा ठिकाणी पिगमेंट शाईने (म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईने), 230 ते 300 जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) मॅट कॉटन कागदावर प्रत काढून घ्यावी. जुन्या कागदाचा पिवळसरपणा संगणकावर पूर्ण पांढरा करू देऊ नये. तो थोडा राहिला, तर पक्ष्याचे रंग मूळ तोलात दिसतात. तसेच चित्राभोवतीची मोकळी जागा आणि खालचे लॅटिन नाव कापू नये.

माउंट, खळ आणि काच

प्रत हाती आली, की तसबिरी बनवणाऱ्या कारागिराकडे जाण्यापूर्वी मापे आपण स्वतः लिहून न्यावीत. आपल्याकडे हे काम इंचांत चालते आणि पट्टीचा भाव फुटावर असतो. समजा, चित्र 8 बाय 12 इंचांचे आहे. त्याभोवती वर आणि दोन्ही बाजूंना अडीच इंच व खाली तीन इंच माउंट, म्हणजे मधे चित्रापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, सोडावा. खालचा अर्धा इंच जास्त ठेवला नाही, तर चित्र खाली घसरल्यासारखे दिसते. म्हणजे चौकटीचे आतले माप 13 बाय साडेसतरा इंच झाले. चारही बाजूंची बेरीज 61 इंच. एक इंच रुंदीची पट्टी घेतली, तर कोपरे 45 अंशांत कापताना आणखी 8 इंच लागतात. एकूण 69 इंच, म्हणजे सहा फूट पट्टी पुरते. हा हिशेब माहीत असला, की भाव समजून घेणे सोपे जाते.

माउंट केवळ शोभेसाठी नसतो. त्याच्या जाडीमुळे चित्र आणि काच यांच्यामध्ये हवेची पातळ फट राहते. ही फट नसेल, तर पावसाळ्यात काचेच्या आत जमलेला दमटपणा थेट कागदाला लागतो, शाई काचेला चिकटते आणि बुरशीचे तपकिरी डाग पडतात. माउंटबोर्ड ॲसिड-फ्री मागावा. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल हळूहळू चित्रात उतरते. काही वर्षांनी माउंटच्या तिरप्या कापाची कड पिवळी-तपकिरी दिसू लागली, तर तसा पुठ्ठा वापरला गेला आहे, असे समजून तो लगेच बदलावा. रंग शुभ्र पांढरा घेऊ नये, चित्राच्या कागदापेक्षा किंचित फिका हस्तिदंती घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना चिकटवण्याबद्दल आहे आणि ती कारागिराला स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. माझ्या पहिल्या चित्राच्या वेळी मी ती दिली नाही. देवादिकांच्या छापील चित्रांना करतात तसे त्या कारागिराने माझे खंड्याचे चित्र गोंद लावून हार्डबोर्डवर पूर्णपणे चिकटवले. चैत्र-वैशाखात ते ताणलेले आणि छान सपाट दिसत होते. श्रावणात मात्र खंड्याच्या चोचीपासून शेपटीपर्यंत फुगे आले, आणि ते चित्र न फाडता सोडवणे शक्य नव्हते. कागद ओलीने फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर तो सुरकुततो किंवा फाटतो. या अनुभवानंतर चित्र माउंटवर बसवण्याचे काम मी घरीच करतो आणि कारागिराकडून फक्त चौकट, काच आणि माउंटची खिडकी कापून आणतो.

त्यासाठी लागते ती गव्हाची खळ. कुरडयांसाठी काढतात तोच चीक चालतो, मात्र मीठ न घातलेला, आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत वरचे पाणी चार-पाच वेळा बदलून धुतलेला हवा. तो वाळवून ठेवावा. एक चमचा वाळलेला चीक पाच चमचे पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहावे. दुधासारखे पाणी घट्ट होत जाते आणि मग त्यात काचेसारखी पारदर्शक झाक येते, तेव्हा उतरवून गार करावे व बारीक चाळणीतून दाबून काढावे. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. चित्राच्या खळीत तो अजिबात घालू नये, कारण तांब्याच्या अंशाने कागद जलद ठिसूळ होतो. खळ थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी.

आता लांब तंतूंच्या पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, प्रत्येकी सुमारे एक इंच रुंद आणि दीड इंच लांब. जपानी कागद मिळाला तर उत्तम. नाहीतर दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवण्याची जुनी परंपरा आहे, तिथला सर्वांत पातळ, बिनरंगाचा कागद पाहावा. पट्ट्या कात्रीने कापू नयेत. जिथे कापायचे, तिथे ओल्या कुंचल्याने रेघ ओढून हलकेच ओढावे, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि तिचा वळ चित्राच्या पुढच्या बाजूला उमटत नाही. पट्टीच्या अर्ध्या भागाला अगदी थोडी खळ लावून ती चित्राच्या मागे, फक्त वरच्या कडेला, दोन्ही टोकांपासून दीड-दोन इंच आत लावावी. वर टीपकागद आणि काचेचा तुकडा ठेवून तासभर दाब द्यावा. मग पट्टीचे मोकळे अर्धे टोक मागच्या ॲसिड-फ्री बोर्डावर तसेच चिकटवावे. चित्र आता वरून दोन बिजागऱ्यांवर टांगलेले राहते, खालून आणि बाजूंनी मोकळे असते, आणि कधी काढायचे झाले तर ओलसर कापसाने पट्टी अलगद सुटते. सेलोटेप किंवा दुहेरी चिकटपट्टी इथे कधीही वापरू नये. तिचा तेलकट पिवळा डाग कागदातून जात नाही.

एवढ्या मापाला दोन मिलिमीटर जाडीची साधी काच पुरते. तिचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. चित्र दोन फुटांहून मोठे असेल, तर वजनाचा विचार करून ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक, घ्यावे, परंतु ते पुसताना स्थिर वीज निर्माण होऊन धूळ ओढून घेते आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. अतिनील किरण अडवणारी काच परवडत असेल तर जरूर घ्यावी. तरीही ती लावली म्हणून ऊन चालेल, असे मात्र समजू नये.

चौकटीसाठी मी पाऊण ते एक इंच रुंदीची, पॉलिश न केलेली, फक्त मेण किंवा जवसाचे तेल चोळलेली सागवानी पट्टी पसंत करतो. पाडलेल्या वाड्यांचे दरवाजे आणि तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतात. त्या सागातून चिरून घेतलेली पट्टी वर्षानुवर्षे मुरलेली असल्यामुळे नव्या लाकडाइतकी वाकत नाही. वाळवी किंवा भुंग्याची भोके मात्र नीट तपासावीत. सोनेरी वेलबुट्टीच्या फायबरच्या पट्ट्या या चित्रांना शोभत नाहीत, कारण पक्ष्याच्या पिसांतले बारीक काम आणि चौकटीवरचे ठोकळ नक्षीकाम यांत डोळा चौकटीकडेच जातो. पाठीमागे हार्डबोर्ड लावायचा असल्यास तो आणि चित्राचा बोर्ड यांच्यामध्ये ॲसिड-फ्री कागदाचा एक थर द्यावा, आणि सर्वांत शेवटी मागची संपूर्ण बाजू तपकिरी कागदाने बंद करावी, म्हणजे धूळ आणि कसर आत शिरत नाही.

भिंत

पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात रात्रीपर्यंत तापलेली असते, म्हणून ती टाळावी. तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत खार आणि ओल चढते, तीही जागा टाळावी. खिडकीतून ऊन थेट पडते ती भिंत, देवघरातल्या निरांजनाची आणि उदबत्तीची काजळी पोहोचते ती बाजू, आणि स्वयंपाकघर, या तिन्ही जागा वर्ज्य समजाव्यात. एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही: कूलरच्या समोरची भिंत. एप्रिल-मेमध्ये कूलरची ओली हवा रोज आठ-दहा तास त्या भिंतीवर आदळते, आणि बाहेर कोरडा उन्हाळा असूनही त्या कागदाचा पावसाळा सुरू होतो. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत सर्वांत चांगली.

उभ्या माणसासाठी चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र जिथे बैठकीत गादी-लोड टाकून बसतात, तिथे हा नियम तसाच पाळला, तर बसलेल्या माणसाला मान वर करावी लागते. अशा खोलीत मध्य साडेतीन ते चार फुटांवर आणावा. सोफ्याच्या वर लावताना पाठ आणि चौकट यांत सहा ते आठ इंच अंतर पुरे.

सिमेंटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून गट्टी आणि स्क्रू बसवावा, आणि एकाऐवजी दोन स्क्रू समान उंचीवर घ्यावेत, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने तसबीर तिरकी होत नाही. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतीत खिळा ठोकला, की माती भुगा होऊन गळते. तिथे लाकडी खुंटी बसवून घ्यावी किंवा तुळईला दोरी बांधून तसबीर तिच्यावर सोडावी. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे पातळ तुकडे चिकटवावेत. त्यामुळे भिंत आणि तसबीर यांच्यामधून हवा खेळते. दिवा लावायचा असेल, तर उबदार प्रकाशाचा लहान एलईडी दुरून द्यावा आणि खोलीत कोणी नसताना तो बंद ठेवावा. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांना सुमारे 50 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) एवढाच मंद उजेड देतात.

काच पुसताना फवारा थेट काचेवर मारू नये, कारण पाणी चौकटीच्या खाचेतून आत उतरते. कापड किंचित ओले करून पुसावे आणि चौकट कोरड्या ब्रशने झाडावी. मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा तसबीर उतरवून मागचा कागद फाटला आहे का, कसरीने कुरतडले आहे का, कोपऱ्यात भिंतीची ओल लागली आहे का, हे पाहावे. कडुलिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या चौकटीच्या आत ठेवू नयेत; पाल्याचा डाग पडतो आणि गोळ्यांची वाफ बंद जागेत कोंडते. मागचा तपकिरी कागद चिकटवण्याआधी आतल्या बोर्डावर मऊ पेन्सिलीने पक्ष्याचे मराठी आणि लॅटिन नाव, चित्रकार, मूळ ग्रंथाचे वर्ष, प्रत काढल्याची तारीख आणि कोणती शाई व कागद वापरला, हे लिहावे. पेनाने लिहू नये, शाई पाझरते.